पंधराचे भिंग

क्येंजोजो
रविवार, ५ जून १९९४

प्रिय अब्वोलीस,
अ. आ. वि. वि.

पत्राच्या आरंभी प्रकृती विचारायची असते हे मला ठाऊक आहे. ती मी खाली विचारणारच आहे. आधी एक कोडे घे, कारण गेले आठ दिवस ते माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या शनिवारी आपण दोघी तुझ्या सासरी किबीटोला टॅक्सीने गेलो. तू डुलक्या घेत होतीस, मी खिडकीपाशी होते. रस्त्याकडेच्या केळी मागे पळत होत्या, निलगिरीची झाडे मागे पळत होती, आणि रुवेंझोरीचा डोंगर मात्र फोर्ट पोर्टलपासून किबीटोपर्यंत आपल्या टॅक्सीबरोबर चालत आला. तो मागे का राहिला नाही? माझ्या सीनियर वनच्या मुलांना विचारले, तर ती म्हणाली की डोंगर मोठा आहे म्हणून. मी म्हटले की रस्त्यालगतचे चर्चही मोठे आहे, मग ते का पळाले. मुले आपापसांत भांडू लागली. असा भांडणारा वर्ग मला फार आवडतो. उत्तर तू कळव. आपल्या दोघी बहिणींत विद्यापीठाची पदवी तुझ्याकडे आहे.

दुसरे कोडे माझे स्वतःचे आहे. परीक्षेच्या वर्गाला शिकवायचे तर परीक्षेच्या वर्गाला शिकवल्याचा अनुभव लागतो. मग पहिल्या शिक्षकाला तो वर्ग कोणी आणि कसा दिला? हे मी आमच्या मुख्याध्यापक बागुमांना विचारले. ते हसले आणि म्हणाले की परीक्षेचा वर्ग, सीनियर फोर, गेली वीस वर्षे रुसोके अरालींकडे आहे, ते देवाघरी गेले की विचार करू. रुसोके तिथेच चहा पीत बसले होते. ते माझ्याकडे बोट करून म्हणाले की लहान रोपांना या काबागेन्यीबाईंसारखाच आईचा हात लागतो. चौदा वर्षे, अब्वोली, मला या एका स्तुतीने सीनियर वन आणि टूमध्ये खिळवून ठेवले आहे.

आता मुद्दा. रुगोंबेला मुलींची नवी शाळा फेब्रुवारीत सुरू होते आहे. विज्ञान विभागप्रमुखाची जागा आहे. माझी पदविका त्यांना चालते. अट एकच: परीक्षेचा एक तरी वर्ग परीक्षेच्या दिवसापर्यंत नेलेला असावा, आणि तसा दाखला मुलाखतीला आणावा. अर्ज पंधरा ऑक्टोबरपर्यंत. तुझे बाळंतपण सप्टेंबरात आहे. साठ दिवसांच्या रजेत तुझा सीनियर फोर कोणीतरी सांभाळणारच. तो मला दे. इथे माझ्या जागी प्रशिक्षण महाविद्यालयाची एक मुलगी सरावाला येते आहे. बागुमा एका सत्रापुरते मला सोडायला तयार आहेत, आणि जरा जास्तच आनंदाने तयार आहेत.

खरे सांगते, म्हणजे पुढे कुणी दुसऱ्याने सांगायला नको. तुला नोकरीच्या पहिल्याच वर्षी परीक्षेचा वर्ग मिळाला तेव्हा मी तुला कोंबडी पाठवली होती. त्याच दुपारी मी सीनियर वनच्या वह्या अशा तपासल्या की वर्गात एकही मूल उत्तीर्ण झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

पाय सुजतात का? मीठ कमी खा. तुझ्या यजमानांना, मुगिसा अमूटींना, माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अद्येरी


फोर्ट पोर्टल
१६ जून १९९४

ती. अद्येरी हिस,
सा. न. वि. वि.

पाय सुजले आहेत, आणि मीठ मी कमी करणार नाही. कोड्याचे उत्तर: डोंगर दूर आहे म्हणून. दूरच्या वस्तूकडे पाहण्याची दिशा आपण थोडे सरकलो तरी बदलत नाही, म्हणून ती आपल्याबरोबर येतेय असे वाटते. हे माझ्या टिपणवहीत त्रेचाळिसाव्या पानावर आहे. मुली ते दोन ओळींत लिहितात आणि त्याला दोन गुण मिळतात. तू त्यावर आख्खा तास घालवला असशील.

तुझ्या विनंतीसाठी मी आमच्या मुख्याध्यापिका कटुरामू अकीकींकडे तीनदा गेले. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या की पदविकावाल्या बाईंच्या हाती परीक्षेचा वर्ग देणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कालचे उकडलेल्या केळ्यांचे मटोके वाढणे. दुसऱ्या वेळी मी सांगितले की मला भौतिकशास्त्र याच बाईंनी शिकवले. तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, जणू मटोके किती शिळे आहे ते अजमावत होत्या. तिसऱ्या वेळी त्या हो म्हणाल्या. पण निकाल घसरला तर तो माझ्या नावावर घसरेल, हेही त्यांनी ऐकवले. माझ्या वर्गाचे चार वर्षांचे निकाल जिल्ह्यात पहिल्या तिनांत आहेत, हे तुला माहीत आहे. नसेल तर आता झाले.

म्हणून माझ्या अटी. माझ्या वहीची पाने ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने शिकवायचे. टॅक्सी, डोंगर, चर्च यांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. प्रात्यक्षिकांची उपकरणे डाव्या कपाटात आहेत, डब्यांवर आकडे आहेत. ती आहेत तशीच राहू देत. आणि मुली माझ्या आहेत. मी त्या तुझ्याकडे सांभाळायला देते आहे, दत्तक नाही.

कोंबडीची चव मला आठवते. ती जरा चिवट होती. का, ते आज कळले.

तुझा लोभ असाच माझ्या वाट्याला राहो, वाटणी न होता.

तुझी,
अब्वोली


फोर्ट पोर्टल
रविवार, १८ सप्टेंबर १९९४

प्रिय अब्वोलीस,
अ. आ. वि. वि.

तू आणि चि. कुगोंझा किबीटोला सुखरूप आहात, दूध नीट येते आहे, हे मुगिसा अमूटींकडून कळले. बाळाला अतेन्यी हे मायेचे नाव ठेवले हेही कळले. नाव ठेवण्याच्या दिवशी मी आले नाही याचा राग धरू नकोस; त्या शनिवारी प्रात्यक्षिकाचा पहिला तास होता आणि अठ्ठावीस मुली पाठ फिरवून सोडता येत नव्हत्या.

वर्ग मला मिळाला तेव्हाच्या आनंदाचे वर्णन करीत नाही. फक्त इतकेच सांगते की फळ्यावर तारखेखाली सीनियर फोर असे लिहिताना माझा खडू मोडला. मुली हुशार आहेत. तुझी वही त्यांना पाठ आहे. पहिल्या आठवड्यात मी पानांचा क्रम पाळला. आठवडाअखेर शनिवारी भिंगाचे प्रात्यक्षिक आले, आणि त्याबद्दल मला तुझ्याशी पायरीपायरीने बोलायचे आहे.

कृती तू जाणतेस. टेबलावर आरसा उताणा ठेवायचा, त्यावर भिंग, आणि वर स्टँडला आडवी टाचणी. एक डोळा मिटून वरून पाहिले की टाचणीची उलटी प्रतिमा दिसते. टाचणी वरखाली करीत जायचे. तिचे टोक आणि प्रतिमेचे टोक एकमेकांना टेकले की उंची मोजायची. तेच भिंगाचे नाभीय अंतर. पण टेकलेली दिसणे वेगळे आणि टेकलेली असणे वेगळे. म्हणून डोके डावीउजवीकडे हलवून पाहायचे. दोन्ही टोके एकत्र राहिली तर ती खरोखर एका जागी आहेत. मधे फट पडली तर ती एका जागी नव्हतीच. आपणच सोयीच्या जागी उभे होतो.

मुलींनी मोजमाप दिले. अठ्ठावीस वह्यांत १४.९, १५.० किंवा १५.१ सेंटिमीटर. इतका एकसारखा निकाल मी चौदा वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो मला आवडला नाही. कुणाचेही डोके हललेले मी पाहिले नव्हते. तुझ्या सगळ्या डब्यांवर १५ छापलेले आहे. म्हणून सोमवारी मी क्येंजोजोहून आणलेली माझ्या शाळेची भिंगे, जी विसाची आहेत, तुझ्या पंधराच्या डब्यांत ठेवली. अब्वोली, सत्तावीस मुलींनी पुन्हा पंधराच लिहिले. एकट्या काबोनेसाने, त्या मागच्या बाकावरच्या उंच मुलीने, १९.७ लिहिले, शेजारणीच्या वहीत पाहिले, आणि खोडरबराने इतके खोडले की कागदाला भोक पडले. खाली १५.० लिहिले.

परीक्षेला मंडळ कोणते भिंग मागवील ते कुणाला सांगता येईल? आणि मुलींना तर तिथे पंधरा दिसायला डबीच नसेल. आता मी पाने बाजूला ठेवली आहेत आणि आम्ही रोज टाचणी हलवतो आहोत. तुझ्या अटी मोडल्या. पण कारण सांगितले आहे, ते तुला पटेल. मुली सध्या रोज मला अद्येरी या मायेच्या नावानेच हाक मारतात. कुठून कळले त्यांना, कोण जाणे.

बाळाच्या पावलांचा मुका घे. माझ्यावरची माया तपासून पाहा, पण खोडू नकोस.

तुझी,
अद्येरी


किबीटो
२५ सप्टेंबर १९९४

ती. अद्येरी हिस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा बाळाला पाजताना, आणि मला वाटते तिला ते दूध बाधले.

कारण पटेल, असे तू लिहितेस. मी तुला माझे घर राखायला दिले आणि तू माझ्या चुलीवरच्या भांड्यांची झाकणे उचलून आत काय शिजलेय ते पाहत फिरलीस. दुसऱ्याचे भिंग माझ्या डबीत घालून तू मुलींची परीक्षा घेतलीस की माझी? ते शिकवण्यासाठी तुला मला एक चिठ्ठी पाठवता आली असती. पण तुला आधी पाहायचे होते. पाहून झाल्यावर तू मला ते आकड्यांसकट लिहिलेस, काबोनेसाच्या कागदाच्या भोकासकट. त्या भोकाची ओळ लिहिताना तुला किती बरे वाटले असेल, ते मला इथे किबीटोत कळते.

काल सहा मुली बाळाला पाहायला आल्या. शेंगदाण्याच्या वाटणाची भाजी मी त्यांच्यासाठी केली. जेवताना त्या पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत अद्येरी असे म्हणतात, अद्येरी तसे करतात, अद्येरींनी टॅक्सीची गोष्ट सांगितली, हेच बोलत होत्या. माझ्या सासूबाईंनी मला विचारले की ही अद्येरी कोण मोठी बाई आहे. मी म्हटले, माझी बहीण. त्या म्हणाल्या, असे होय, मग तुला कोण म्हणतात या मुली? मला त्या मॅडम म्हणतात. एम्पाको म्हणजे घरच्यांनी दिलेले मायेचे नाव, त्यात मान आणि माया दोन्ही असतात. चार वर्षांत एकाही मुलीने माझी एम्पाको विचारलेली नाही. तुझी त्यांनी दोन आठवड्यांत शोधून काढली, आणि तुला वाटते की कुठून कळली कोण जाणे. नाव ठेवण्याच्या दिवशी तू आली नाहीस. मिलेटची भाकर आणि सोललेल्या घेवड्याची आमटी पुढे ठेवून सगळे बसले, बाळ कुणावर गेले यावर वाद झाले, आणि माझ्याकडून बोलायला कुणीच नव्हते. तू माझ्या मुलींकडे होतीस.

म्हणून माझा निर्णय कळवते. डॉक्टर मला काम करायला हरकत नाही म्हणतात. मी उरलेली रजा सोडते आहे आणि सोमवार, दहा ऑक्टोबरला रुजू होते आहे. वर्ग मी स्वतः परीक्षेला नेईन. तुला पाच आठवडे शिकवल्याचा दाखला कटुरामू अकीकी आनंदाने देतील. तो रुगोंबेला पुरणार नाही हे मला समजते. त्या जागेची पात्रता मात्र माझ्याकडे पूर्ण आहे, हेही या निमित्ताने माझ्या ध्यानात आले.

बाळ बरे आहे. मीठ मी अजून खाते. लोभ ठेवावा असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

अब्वोली


फोर्ट पोर्टल
२९ सप्टेंबर १९९४

प्रिय अब्वोलीस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला मी क्रमाने उत्तर देते, कारण क्रम सोडला तर मी भलतेच काहीतरी लिहीन.

पहिले: भोकाची ओळ लिहिताना मला बरे वाटले. हो. चौदा वर्षे दुसऱ्यांचे परीक्षेचे वर्ग मी खिडकीतून पाहिले आणि कुठे काय चुकतेय ते मला तिथून दिसे, पण कुणी विचारत नसे. तुझ्या वर्गात पहिल्यांदा मी दाराच्या आत होते, आणि जे चुकले होते ते तुझे होते. त्या दुपारी मी दोन वेळा जेवले.

दुसरे: मायेचे नाव. एका मुलीने विचारले आणि मी लगेच सांगितले. तिथल्या तिथे तुझेही सांगायला हवे होते. मला सुचले नाही असे मी लिहू शकते, पण सुचले होते.

तिसरे: नाव ठेवण्याचा दिवस. प्रात्यक्षिकाचा तास दुपारी एकला संपला होता. किबीटोची टॅक्सी तीनला असते. मी आले असते तर तुझ्या सासरच्या माणसांनी विचारले असते की मी काय शिकवते, आणि मला सांगावे लागले असते की बहिणीच्या जागी बसले आहे. दाखला हातात घेऊन येईन असे मी ठरवले होते. बाळाला माझा दाखला नको होता, हे आता कळते.

चौथे: डब्यांविषयी मी कुणालाही सांगितलेले नाही. कटुरामू अकीकींना नाही, स्टाफरूममध्ये नाही. माझी भिंगे मी परत काढली, तुझी जागेवर ठेवली.

पाचवे: दहा तारखेला तू ये. वर्ग तुझा आहे, आणि मी नऊला संध्याकाळी खोली झाडून किल्ली शिपायाकडे देईन. रुगोंबेचा विचार मी माझ्या डोक्यातून काढेन. चौदा वर्षे तो नव्हताच. फक्त एक मागते, आणि ते माझ्यासाठी नाही. मुलींना पंधरा सांगू नकोस. त्यांनी काय पाहिले तेच विचार.

या पत्राबरोबर रुमालात बांधून एक भिंग पाठवते आहे. डबी नाही, आकडा नाही. अमूटींचा दाढीचा आरसा आणि शिवणाची सुई पुरेल. किती भरते ते मला कळवायची गरज नाही.

माझ्या वाट्याची माया सध्या तुझ्याकडेच ठेव. मला ती लगेच परत नको.

तुझी,
अद्येरी


किबीटो
८ ऑक्टोबर १९९४

ती. अद्येरी हिस,
सा. न. वि. वि.

सोबतचा कागद आधी नीट पाहा, मग पुढे वाच. आकडे माझे आहेत.

रुमाल चार दिवस तसाच पडला होता. काल बाळ झोपले, सासूबाई बाजारात होत्या, आणि मी आरसा अंगणात फळीवर ठेवला. सुई एका बोरूच्या काडीत खोचली. पहिल्यांदा वरून पाहिले, टोके टेकली, मोजले, तर पंधरा भरले. मला हायसे वाटले. मनात म्हटले की अद्येरीने पुन्हा पंधराचे पाठवले, मलाच चकवले. मग तुझे वाक्य आठवले आणि मी डोके हलवले. फट पडली. ती फट इतकी मोठी होती की तिच्यातून शेळी गेली असती. अद्येरी, टोके टेकलेली नव्हतीच. मला ती टेकायला हवी होती, म्हणून ती टेकलेली दिसली. पुन्हा मोजले: १७.४. पुन्हा: १९.१. मग डोके प्रत्येक वेळी हलवून: १९.८, २०.१, १९.९. हे सहा आकडे कागदावर आहेत. एकही खोडलेला नाही.

मग मी फळीपाशी बसून राहिले, कारण मला एक जुनी दुपार आठवली. मी सीनियर फोरला होते, तू महाविद्यालयातून सुट्टीला आली होतीस. बाबांच्या घराची पडवी, तू कुठूनसे उसने आणलेले भिंग, त्याची डबी, डबीवर १५. मी चौदा मोजले. तू म्हणालीस, डबी खोटे बोलणार नाही, पंधरा येईपर्यंत पाहत राहा. मी पाहत राहिले आणि पंधरा आले. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस की मी जिल्ह्यात पहिली येईन. मी आले. त्यानंतर विद्यापीठातही मी डबी आधी वाचायची आणि टाचणी नंतर हलवायची. माझ्या मुलींना मी तेच दिले जे तू मला दिलेस. तू चुकीचे सांगितलेस असे मी म्हणत नाही. तू पुन्हा नीट पाहा असे सांगत होतीस, मी पंधरा आण असे ऐकले. पण तुला हे विसरायला झाले होते, आणि मला तू सापळा लावून पकडलेस. आता आपण दोघी समान झालो. एवढे लिहायला मला फार आवडले, हे मी तुझ्याप्रमाणे कबूल करते.

आता तो कागद उलट.

तो रुगोंबेचा अर्ज आहे. पूर्ण भरलेला, माझ्या नावाचा. मागचे पत्र टपालात टाकले त्याच दिवशी भरला. घरात पाठकोरा कागद तोच सापडला असे नाही. शोधून तोच घेतला.

मी सोमवारी रुजू होत नाही. कटुरामू अकीकींना आज वेगळे पत्र पाठवले आहे की सत्राच्या आरंभापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत वर्ग तुझाच आहे आणि निकाल वर जावो वा खाली, तो तुझ्या नावाने मोजावा. त्या वैतागतील. मी आणखी एका गोष्टीसाठी ते लिहिले: मला अजून डबी न पाहता मोजता येत नाही. एका शनिवारी मी बाळाला पाठीशी बांधून येईन आणि मागच्या बाकावर काबोनेसाशेजारी बसेन. मला विशेष वागणूक नको. डोके हलवले नाही तर मला टोक.

मत्सर गेला असे मात्र समजू नकोस. तो बाळासारखा आहे, पोट भरले की झोपतो आणि काही तासांनी उठतो. त्या सहा मुली अद्येरी म्हणाल्या, तो आवाज माझ्या कानांत आहे. तुझा अर्ज पंधरापूर्वी पोचव. या पंधरामध्ये मात्र चूक करू नकोस.

तुझ्या मायेचे माप पुन्हा घेतले आहे. पूर्वीपेक्षा जास्त भरले.

तुझी,
अब्वोली


क्येंजोजो
रविवार, ४ डिसेंबर १९९४

प्रिय अब्वोलीस,
अ. आ. वि. वि.

सगळे एकत्र कळवायचे म्हणून थांबले होते. परीक्षेचे तुला काबोनेसाने सांगितलेच असेल. मंडळाच्या यादीप्रमाणे आलेली भिंगे दहाची निघाली. मुलींचे आकडे ९.७ होते, १०.२ होते, एकीचा १०.६ होता. असे वेडेवाकडे आकडे पाहून मला चर्चमध्ये जावेसे वाटले. काबोनेसाच्या कागदाला भोक नव्हते.

दाखल्याची हकिकत. कटुरामू अकीकींनी पहिल्या मसुद्यात लिहिले की मी परीक्षेच्या वर्गाला साहाय्य केले. मी तो घ्यायला हात पुढे केला. चौदा वर्षांची सवय. मग त्यांनी खणातून तुझे पत्र काढले, चष्मा लावून वाचले, आणि म्हणाल्या की तुझी बहीण फार त्रासदायक बाई आहे. साहाय्य खोडले आणि लिहिले: परीक्षेपर्यंत शिकवले. खोडलेल्या जागी त्यांची सही आहे. तो खोडलेला दाखला मी काचेत बसवणार आहे.

रुगोंबेला मुलाखत झाली. अध्यक्षांनी दाखला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले की एका सत्राचा अनुभव म्हणजे ताटातला एकच दाणा. मग त्यांनी मला काहीतरी शिकवून दाखवायला सांगितले. मी त्यांच्यातल्या तिघांना टेबलाभोवती उभे केले आणि डोकी हलवायला लावली. विभागप्रमुखपद मला मिळाले नाही. ते वर्षभर रिकामे ठेवणार आहेत. मला सीनियर थ्री आणि सीनियर फोर मिळाले. फेब्रुवारीपासून, माझ्या नावाने, कुणाच्या रजेवर नाही. बागुमांनी अभिनंदन केले, आणि रुसोके अरालींनी विचारले की आता रोपांचे काय होणार. मी म्हटले की आईचा हात त्यांनी लावून पाहावा.

पुढच्या वर्षी प्रमुखपदाची जाहिरात पुन्हा निघेल. तेव्हा तूही अर्ज कर. मागे आकडे न लिहिता. तू बाजूला झालीस म्हणून ती जागा मला नको. मला ती तुझ्यासमोर मिळवायची आहे, आणि तुला मिळाली तर मी तुला पुन्हा एक चिवट कोंबडी पाठवेन.

एक गोष्ट राहिली. शेवटच्या दिवशी मुलींनी मला विचारले की मॅडमचे मायेचे नाव काय. तू त्या शनिवारी मागच्या बाकावर बसून पंधरा लिहिलेस आणि स्वतःच हसलीस, तेव्हापासून त्यांना ते विचारायचे होते. अब्वोली, मी लगेच सांगितले नाही. खडू ठेवला, फळा पुसला, हात झटकले. तेवढा वेळ मी ते नाव स्वतःजवळ ठेवले. मग सांगितले. निकाल घ्यायला त्या येतील तेव्हा तुला कशी हाक मारतात ते ऐक.

बाबांच्या पडवीतली दुपार मला आठवत नव्हती. आता आठवते. मिठी आधी आठवली, डबी नंतर.

ख्रिसमसला येते. या वेळी तीनची टॅक्सी चुकवणार नाही. अतेन्यीला सांग की तिची मावशी सीनियर फोरला शिकवते. नाही सांगितले तरी चालेल. मायेत फट पडली तर ती पडलेली दिसू दे, इतकेच मागते.

तुझी,
अद्येरी

ता. क. डोंगराच्या कोड्याचे तुझे उत्तर बरोबर होते, पण अर्धेच. दूरचे आपल्याबरोबर येताना दिसते, एवढे तू सांगितलेस. रस्त्याकडेच्या केळी मागे का पळाल्या, ते राहिले. उरलेले अर्धे अंगणात करून पाहा, उपकरण लागत नाही. एक डोळा मीट. एका हाताचे बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धर, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्याच मागे, हात पूर्ण लांब करून. पुढच्या बोटाआड मागचे झाकले जाईल असे जमव. आता डोके सावकाश डावीकडे ने. एक बोट तुझ्या बाजूने सरकेल, आणि एक तुझ्या उलट जाईल. मग थांब, आणि जे उलट गेले ते तुझ्यापासून किती अंतरावर आहे, ते मोज.